कर्जाचा कागद कोण वाचतो?

झांबिया आणि काँगो यांच्या सीमेवर तांब्याचा जो मोठा पट्टा आहे, तेथील धातू समुद्रापर्यंत नेण्यासाठी सध्या दोन रेल्वेमार्गांची चढाओढ चालू आहे. पश्चिमेचा मार्ग अंगोलाच्या लोबितो बंदराकडे जातो. त्याच्या पुनरुज्जीवनामागे अमेरिका आणि युरोपीय संघ उभे आहेत आणि डिसेंबर २०२४ मध्ये तत्कालीन अमेरिकी अध्यक्ष जो बायडेन यांनी अंगोलाचा दौरा केला, तो प्रामुख्याने याच प्रकल्पाला बळ देण्यासाठी. पूर्वेचा मार्ग टांझानियातील दार-एस-सलाम बंदराकडे जातो. सुमारे १८६० किलोमीटरचा हा ताझारा मार्ग चीनने १९७० ते १९७५ या काळात बिनव्याजी कर्जावर बांधून दिला होता आणि आता त्याच्या दुरुस्तीसाठी व तो चालवण्यासाठी पुन्हा चिनी कंपनीच पुढे आली आहे. अर्ध्या शतकापूर्वी जागतिक बँकेने आणि पाश्चात्त्य देशांनी हा मार्ग परवडणारा नाही असे सांगून हात झटकले होते. आज त्याच पट्ट्यातल्या तांब्या-कोबाल्टसाठी सगळेच रेल्वे बांधायला तयार आहेत, कारण विजेवरच्या गाड्या आणि बॅटऱ्या यांच्या युगात या धातूंवाचून कोणाचेच चालणार नाही.

अशा बातम्या आपल्याकडे वाचल्या जातात तेव्हा चर्चा फार लवकर एका ठरलेल्या जागी येऊन थांबते: चीनची नियत वाईट की अमेरिकेची, आणि या दोघांच्या मध्ये भारताने कोठे उभे राहावे? सांगली-साताऱ्यात वृत्तपत्र बारकाईने वाचणारा आणि परराष्ट्र धोरणावरच्या व्याख्यानांना आवर्जून जाणारा वर्ग मोठा आहे, याचा मला अभिमान वाटतो. पण तेथेही बहुतेक प्रश्न देणाऱ्याच्या हेतूविषयी विचारले जातात. देणाऱ्याचे हेतू स्वार्थाचे असतात हे गृहीत धरूनच पुढे गेले पाहिजे, असे माझे मत आहे. गरीब देशाला या स्पर्धेतून काही मिळते की तो नागवला जातो, हे ठरते ते घेणाऱ्या देशात कराराचा कागद कोण, केव्हा आणि किती वाचू शकतो यावर. सही होण्यापूर्वी तो संसदेसमोर, हिशेब तपासणाऱ्यांसमोर आणि ज्यांची जमीन जाणार आहे त्यांच्यासमोर आला, तर दोन सत्तांच्या भांडणाचा लाभ देशाला होतो. तो चार माणसांच्या कपाटात राहिला, तर लाभ त्या चौघांना होतो आणि परतफेड सगळ्यांच्या माथी येते.

या मताला आपल्याच मातीतला एक आधार आहे. १८७५ साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकरी सावकारांविरुद्ध उठले, तेव्हा त्यांच्या संतापाचे मुख्य लक्ष्य कर्जरोखे होते. जमावाने ते मागून घ्यायचे आणि जाळायचे, असे गावोगाव घडले. अंगठा कशावर उठवला हे कुणब्याला ठाऊक नसे, व्याज मुद्दलात कधी मिळवले गेले ते कळत नसे आणि न्यायालय मात्र रोख्यावर जे लिहिले आहे तेवढेच पाहून हुकूमनामा देत असे. या उठावाच्या चौकशीनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्यासाठी जो कायदा झाला, तो पुणे, अहमदनगर आणि सोलापूर यांच्या बरोबरीने सातारा जिल्ह्याला लागू झाला, आणि त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगलीतले तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुकेही होते. त्या कायद्यातल्या दोन तरतुदी मला आजही फार मोलाच्या वाटतात. शेतकऱ्याचा रोखा ग्राम-निबंधकासमोर लिहिला गेला पाहिजे, ही पहिली. दुसरी अशी की न्यायालयाने रोख्याच्या दर्शनी रकमेवर न थांबता व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन मूळ मुद्दल किती, व्याज किती आणि आजवर फेड किती झाली, हे पाहावे.

सावकारांनी या कायद्यातूनही वाटा काढल्या. गहाणाऐवजी खरेदीखत करून घेण्याची पद्धत वाढली आणि कित्येकांच्या जमिनी त्यामुळे गेल्या. तेव्हा तो कायदा फार यशस्वी झाला असे मी म्हणणार नाही. पण देणारा सबळ आणि घेणारा अडलेला असेल तर ‘दोघांनी राजीखुशीने सही केली’ एवढे म्हणून भागत नाही, त्या सहीमागचा व्यवहार तिसऱ्या डोळ्याने तपासला गेला पाहिजे, हे तत्त्व या मुलखात जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी कायद्याने मान्य झाले होते. देशादेशांच्या कर्जव्यवहाराला असा कायदा नाही. तेथे निबंधक नाही आणि व्यवहाराच्या मुळाशी जाणारे न्यायालयही नाही.

उलट, कागद लपवणे हीच कराराची अट असते. २०२१ साली काही अभ्यासकांनी चीनच्या सरकारी संस्थांनी २४ देशांशी केलेले १०० कर्जकरार मिळवून तपासले. त्यात २०१४ नंतरच्या सर्वच करारांत गोपनीयतेची कलमे आढळली. केनियातील मोम्बासा ते नैरोबी रेल्वे २०१७ साली सुरू झाली. तिच्या खर्चाचा बहुतांश भाग चीनच्या एक्झिम बँकेच्या कर्जातून आला आणि तरीही नागरिकांना कराराचे काही भाग पाहायला मिळाले ते २०२२ च्या नोव्हेंबरात, सरकार बदलल्यानंतर. तोवर हप्ते सुरू झाले होते. वाद झाल्यास लवाद बीजिंगमध्ये बसेल, हेही लोकांना अधिकृतपणे तेव्हाच कळले. रेल्वे चांगली असेल, धावतही असेल. पण ती त्या किमतीला घ्यावी की नाही, या प्रश्नावर मत देण्याची वेळ केनियाच्या शेतकऱ्यावर आणि नैरोबीच्या कामगारावर आलीच नाही.

येथे कोणी लगेच हंबनटोटाचे नाव घेईल. कर्ज फिटले नाही म्हणून चीनने श्रीलंकेचे ते बंदर बळकावले, असे आपल्याकडे बोलले जाते, ते अर्धेच खरे आहे. पहिल्या टप्प्यासाठी २००७ साली चीनच्या एक्झिम बँकेने सुमारे ३० कोटी ७० लाख डॉलरचे कर्ज ६.३ टक्के व्याजाने दिले. बंदर उभे राहिले, जहाजे मात्र अपेक्षेप्रमाणे आली नाहीत आणि २०१७ साली ते ९९ वर्षांच्या भाडेकराराने सुमारे १.१२ अब्ज डॉलर घेऊन चिनी कंपनीच्या ताब्यात देण्यात आले. येथपर्यंतची गोष्ट सर्वांना पाठ आहे. पण त्या पैशातून बंदराचे कर्ज फिटले नाही. ती रक्कम परकीय चलनाची तूट भरून काढण्यासाठी गेली आणि कर्ज तसेच राहिले. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परकीय कर्जाची फेड थांबवली, तेव्हा तिच्या डोक्यावरच्या परकीय कर्जाचा सर्वांत मोठा हिस्सा पाश्चात्त्य बाजारात विकलेल्या रोख्यांचा होता आणि त्यांचे व्याज चिनी कर्जापेक्षा सर्वसाधारणपणे जास्त होते. त्यात २०१९ ची करकपात, महासाथीत बुडालेले पर्यटन आणि २०२१ मध्ये रासायनिक खतांवर रातोरात घातलेली बंदी यांची भर पडली. जेथे लोक प्रश्न विचारू शकत नाहीत तेथे चीनचे कर्ज बुडवते आणि न्यूयॉर्क-लंडनच्या भांडवल बाजारातले कर्जही तितकेच बुडवते. ‘कर्जसापळा’ हा शब्द एकट्या चीनसाठी राखून ठेवला की ही दुसरी बाजू झाकली जाते, म्हणून मला तो पुरेसा वाटत नाही.

झांबियाचेही असेच झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये ४ कोटी २५ लाख डॉलरचा एक व्याजाचा हप्ता त्याला भरता आला नाही आणि देश दिवाळखोर ठरला. त्यानंतर सरकारी धनकोंशी तत्त्वतः समझोता व्हायला जून २०२३ उजाडले आणि रोखेधारकांशी त्याहूनही उशीर झाला. मधल्या काळात कोणी आधी सूट द्यायची यावर चीन आणि पाश्चात्त्य धनको एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. तांब्याच्या खाणी असलेला देश औषधांसाठी आणि शाळांसाठी पैसा नाही म्हणून थांबला होता, आणि त्याचे धनको रांगेतल्या आपापल्या जागेवरून वाद घालीत होते, ही मला या सगळ्या प्रकरणातली अतिशय लाजिरवाणी गोष्ट वाटते.

याच्या उलट उदाहरण शेजारच्या काँगोचे आहे आणि ते आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. २००८ साली काँगोने चिनी कंपन्यांशी ‘खाणी घ्या, रस्ते द्या’ अशा स्वरूपाचा सिकोमीन करार केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेथील वित्त-निरीक्षण यंत्रणेने या कराराचा हिशेब जाहीरपणे मांडला. चिनी बाजूला मिळालेल्या खनिजाच्या तुलनेत देशाला मिळालेले रस्ते-रुग्णालये फारच थोडी आहेत, असा तिचा निष्कर्ष होता. त्याच वेळी अमेरिका आणि युरोप काँगोच्या कोबाल्टसाठी दारात उभे होते, आणि बीजिंगला हे माहीत होते. २०२४ मध्ये करार सुधारला गेला आणि पायाभूत कामांसाठी द्यावयाची रक्कम ३ अब्ज डॉलरवरून ७ अब्ज डॉलरपर्यंत वाढली. काँगोच्या खाणींत बालकामगार आहेत, सशस्त्र टोळ्या आहेत, भ्रष्टाचार आहे. तो आदर्श देश आहे असे कोणी म्हणणार नाही. पण अशा देशातही एका सरकारी लेखापरीक्षणाने मिळवून दिले ते अनेक शिखर परिषदांनी मिळवून दिले नव्हते. प्रतिस्पर्धी बाहेर उभा असणे आणि हिशेब हातात असणे या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, म्हणून हे जमले. प्रतिस्पर्धी तर २०२३ च्या आधीही होतेच.

भारताने पन्नास-साठच्या दशकांत नेमके हेच केले होते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत मदतीने, राउरकेला पश्चिम जर्मनीच्या आणि दुर्गापूर ब्रिटनच्या मदतीने उभा राहिला. भिलाईचा करार १९५५ साली झाला. त्याचा व्याजदर अडीच टक्के होता आणि तो जाहीर होता, त्यामुळे त्यानंतर बोलणी करणाऱ्या प्रत्येकाला त्या आकड्याशी स्वतःची तुलना करून घ्यावी लागली. बोकारोच्या बाबतीत सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्याला पैसा देण्यास अमेरिकी काँग्रेसमध्ये विरोध झाला, तेव्हा नेहरूंनी १९६३ मध्ये विनंती मागे घेतली आणि १९६५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला. देवराष्ट्र्यात जन्मलेले आणि कराडात वाढलेले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून मे १९६४ मध्ये अमेरिकेत लष्करी साहाय्याची बोलणी करीत असतानाच नेहरूंच्या निधनाची वार्ता आली. अमेरिका एफ-१०४ लढाऊ विमाने द्यायला राजी नव्हती. त्याच वर्षी चव्हाण मॉस्कोला गेले आणि तेथून मिग विमानांच्या उत्पादनासह लष्करी साहित्याचा करार घेऊन आले. दोन्ही दारे ठोठावता येणे हे तेव्हाच्या भारताचे बळ होते. त्याच्यामागे नियोजन आयोगातले अभ्यासक होते, आकडे वाचू शकणारे अभियंते होते आणि प्रत्येक परकीय कर्जावर सरकारला धारेवर धरणारी संसद होती.

मात्र अन्नाच्या प्रश्नावर हे बळ अपुरे पडले. अमेरिकेच्या पीएल-४८० या अन्नसाहाय्याच्या कायद्याखाली १९५६ पासून गहू येऊ लागला आणि तो येतच राहील अशा समजुतीवर आपण शेतीकडे दुर्लक्ष केले. १९६५-६६ च्या दुष्काळात अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी गव्हाची जहाजे महिन्या-महिन्याच्या बोलीने सोडली. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला, त्यामागेही जागतिक बँकेचा आणि मदत देणाऱ्या देशांचा दबाव होता. १९७२ च्या दुष्काळात माण-खटाव, जत-आटपाडीकडच्या ज्या पिढीने रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली आणि परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या, तिला परावलंबन म्हणजे काय हे कोणी शिकवण्याची गरज नाही. आफ्रिकेतला एखादा मंत्री ‘आम्हाला कोणाची बाजू घ्यायला लावू नका’ असे म्हणतो, तेव्हा त्याच्या म्हणण्यातली कळकळ या भागातल्या वडीलधाऱ्यांना दिल्लीतल्या कोणत्याही विश्लेषकापेक्षा लवकर उमगेल, अशी माझी खात्री आहे.

आणि तरीही आपला अनुभव पूर्णपणे अभिमानाचा नाही, हे साताऱ्याच्या लेखकाने किंवा वाचकाने विसरता कामा नये. कोयना जलविद्युत प्रकल्पासाठी जागतिक बँकेने १९५९ मध्ये कर्ज दिले. ते कर्ज दिल्लीने नीट वाचले होते, मुंबईनेही वाचले होते. त्यातून उभ्या राहिलेल्या विजेने महाराष्ट्राचे उद्योग चालवले आणि त्या कर्जाची फेडही झाली. धनकोच्या वहीत हा व्यवहार उत्तम ठरला असणार. पण पाटण आणि जावळी खोऱ्यांतल्या ज्या गावांवर शिवाजीसागराचे पाणी चढले, त्या गावांना या कागदातले एक अक्षर कोणी वाचून दाखवले नव्हते. धरण होऊन सहा दशके लोटली तरी कोयनेचे प्रकल्पग्रस्त जमिनीसाठी आणि नागरी सुविधांसाठी आंदोलनाला बसतात, आणि आता बसणाऱ्यांमध्ये विस्थापितांची नातवंडे आहेत. म्हणून कागद उघडा असावा असे मी म्हणतो तेव्हा तो मंत्रालयापर्यंत उघडा असून भागत नाही. इंडोनेशियाने जानेवारी २०२० पासून निकेलचे खनिज कच्च्या स्वरूपात बाहेर नेण्यावर बंदी घातली आणि चिनी कंपन्यांना कारखाने आपल्याच भूमीवर काढायला लावले. सौदा म्हणून तो कणखर होता. पण सुलावेसीत त्या कारखान्यांसाठी कोळशावरची वीजकेंद्रे आली, डिसेंबर २०२३ मध्ये मोरोवालीतल्या स्फोटात २१ कामगार दगावले, आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना विचारले गेले नाही. राष्ट्राने सौदा जिंकला तरी त्यातली माणसे हरू शकतात.

मदतीच्या बाबतीत सांगलीने एक उदाहरण घालून दिले आहे आणि त्याची आठवण आज विशेष होते. २००३ साली अमेरिकेने एड्सविरोधी कार्यासाठी मोठा निधी देणारा कायदा केला, पण निधी घेणाऱ्या संस्थेने वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचे धोरण लेखी स्वीकारले पाहिजे, अशी अट त्यात घातली. सांगलीतील ‘संग्राम’ ही संस्था वेश्याव्यवसायातील स्त्रियांबरोबर, त्यांच्याच संघटनेच्या आधाराने काम करीत होती. ज्या स्त्रियांच्या विश्वासावर सगळे काम उभे आहे त्यांचाच निषेध करणाऱ्या कागदावर सही करण्यास संस्थेने २००५ मध्ये नकार दिला आणि अमेरिकी निधी सोडला. अट वाचली गेली, ज्यांना ती लागू होणार होती त्यांच्याशी बोलून वाचली गेली आणि नाकारली गेली. गोकुळनगरसारख्या वस्तीतल्या बायका जे करू शकल्या ते कित्येक सरकारांना जमत नाही, हे मी पूर्ण गांभीर्याने लिहितो आहे.

२०२५ मध्ये मदतीची दुसरी बाजू दिसली. जानेवारीत अमेरिकेने परकीय मदत गोठवली आणि जुलैपासून ती मदत वाटणारी यूएसएड ही संस्थाच बंद झाली. आफ्रिकेतल्या अनेक देशांत एचआयव्हीच्या औषधांची, चाचण्यांची आणि परिचारिकांच्या पगाराची व्यवस्था या पैशावर चालत होती. तेथील रुग्णांनी अमेरिकेतल्या निवडणुकीत मत दिले नव्हते, तरी निकालाचे परिणाम त्यांच्या गोळ्यांच्या डबीपर्यंत पोचले. ही पोकळी चीन भरून काढेल असे अनेकांनी लिहिले. पण चीनचा भर रस्ते, बंदरे आणि दूरसंचार यांवर राहिला आहे, दरमहा औषध पुरवण्याच्या कामात त्याने तितका रस दाखवलेला नाही. चीनने १ डिसेंबर २०२४ पासून आपल्याशी राजनैतिक संबंध असलेल्या सर्व अल्पविकसित देशांच्या मालावरचे आयातशुल्क काढून टाकले, ही मात्र खरोखर मोठी गोष्ट आहे, आणि तिची दखल आपण घेतली पाहिजे.

कारण व्यापाराच्या बाबतीत आता आपणही कोणाच्या तरी दृष्टीने महासत्ता आहोत. २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी तूर खरेदीचा करार केला. दरवर्षी खरेदी वाढवत २०२०-२१ पर्यंत ती दोन लाख टनांपर्यंत नेण्याचे ठरले. पूर्व आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी भारताच्या भरवशावर तुरीचे क्षेत्र वाढवले. इकडे २०१६-१७ मध्ये आपल्याकडेही तुरीचे विक्रमी पीक आले, हमीभावाने खरेदी होईना म्हणून महाराष्ट्रातले शेतकरी केंद्रांबाहेर दिवसेंदिवस ताटकळले आणि ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली. सरकारी करारामुळे मोझांबिकला काही अंशी वाट राहिली, पण टांझानिया आणि मलावीतल्या शेतकऱ्यांच्या तुरीचे भाव कोसळले. आपल्या शेतकऱ्याला संरक्षण मिळाले याचे मला समाधान आहे. पण लातूरचा आणि मलावीचा शेतकरी दोघेही एकाच धोरणाच्या धरसोडीने मारले गेले, हे मान्य केले पाहिजे.

डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद झाली, तेव्हा खटाव-फलटणच्या शेतकऱ्याचा भाव पडला आणि ढाका-कोलंबोच्या गृहिणीच्या स्वयंपाकघरात कांदा महागला. सप्टेंबर २०२२ मध्ये तुकडा तांदळाची निर्यात थांबली, तिचा फटका पश्चिम आफ्रिकेतल्या गरीब घरांना बसला. चिनी बेदाणा आडवाटेने बाजारात येतो आणि आमचे दर पाडतो, अशी तासगाव-सांगलीच्या बागायतदारांची तक्रार आहे. तिच्यामागे त्यांची वर्षभराची मेहनत आहे आणि सीमाशुल्क खात्याने तिची दखल घेतलीच पाहिजे. पण ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने रशियन तेलाचे कारण देऊन भारतीय मालावरचे एकूण शुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा आपल्याला जो अन्याय वाटला, तोच ढाक्याला आणि मलावीची राजधानी लिलाँग्वेला आपल्याबद्दल वाटला असेल, याचाही विचार व्हायला हवा. बड्या बाजाराने आपले दार केव्हा उघडेल आणि केव्हा मिटेल हे आधी सांगणे, ही दुबळ्या देशाच्या दृष्टीने पैशाच्या मदतीइतकीच मोठी मदत असते.

कर्ज देणारा म्हणूनही भारत आता लहान राहिलेला नाही. इथिओपियातल्या साखर उद्योगासाठी आपल्या एक्झिम बँकेमार्फत ६४ कोटी डॉलरचे कर्ज देण्यात आले. त्यातला तेंदाहोचा कारखाना अनेक वर्षे रखडला. कारखाना, ऊस आणि पाणी या तिन्हींची सांगड बसल्याखेरीज साखर होत नाही, हे वाळवा-कराडच्या कोणत्याही सभासदाला विचारले असते तर त्याने सांगितले असते. आपल्या अशा कर्जांत सर्वसाधारणपणे ७५ टक्के माल आणि सेवा भारतातूनच घेण्याची अट असते. चीन हेच करतो तेव्हा आपण त्याला बांधील कर्ज म्हणून नावे ठेवतो. आपला व्याजदर कमी असतो, कर्जाची रक्कम जाहीर होते आणि बंदरे-खाणी तारण म्हणून मागितल्या जात नाहीत, हे फरक खरे आहेत आणि ते मोठे आहेत. पण प्रकल्प का निवडला, त्याचे आर्थिक गणित कोणी तपासले, ठेकेदार कसा ठरला आणि रखडल्यावर जबाबदार कोण, हे इथिओपियाच्या नागरिकाला कळत नाही आणि ज्याच्या करातून हा पैसा जातो त्या भारतीय नागरिकालाही कळत नाही.

‘चीन आपले करार झाकून ठेवतो, मग आपणच ते उघडे करून स्पर्धेत मागे का पडायचे?’ असा आक्षेप यावर घेतला जातो. सरकारे बदलतात, हे या आक्षेपात विचारात घेतलेले नाही. श्रीलंकेत, झांबियात, केनियात आणि मालदीवमध्ये सत्तांतर झाले तेव्हा आधीच्या राजवटीने झाकून केलेले करार हाच निवडणुकीतला मुद्दा झाला, आणि ज्या परकीय सत्तेशी ते केले होते तिच्याविषयीचा संशय अनेक वर्षे पुरला. जो करार विरोधी पक्षाच्या डोळ्यांदेखत झाला असेल तो सत्तांतरानंतरही टिकण्याची शक्यता अधिक असते. रस्ते आणि बंदरे किती बांधली या मोजमापात आपण चीनला गाठू शकणार नाही, त्याची अर्थव्यवस्था आपल्याहून कितीतरी मोठी आहे. पण आपली कर्जे अशी असू शकतात की ती घेताना त्या देशाच्या अर्थमंत्र्याला काही लपवावे लागणार नाही.

त्यासाठी करायच्या गोष्टी अवघड नाहीत. प्रत्येक कर्जाचा करार आणि प्रकल्पाचा व्यवहार्यता अहवाल सही होण्याच्या काही महिने आधी दोन्ही देशांत, तेथील लोकांच्या भाषेत प्रसिद्ध व्हावा. तूर आणि कांद्यासारख्या मालाच्या खरेदी-विक्रीची किमान मात्रा काही वर्षांसाठी आधी ठरावी, म्हणजे टंचाईत किंवा सुबत्तेतही दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना ती धरून चालता येईल. कर्जातून उभ्या राहिलेल्या प्रकल्पांचे लेखापरीक्षण संसदेच्या पटलावर यावे. आणि हे आपण दुसऱ्यांसाठी मागत असताना आपल्या दारातही मागावे. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या पंपांना वीज देण्यासाठी जत तालुक्यात जो सौर प्रकल्प होतो आहे, त्यासाठी जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेच्या कर्जाचा आधार घेतलेला आहे. प्रकल्प चांगला आहे, जतला पाणी हवे आहे आणि उपशाच्या वीजबिलाचा भार हलका झाला पाहिजे. त्या कर्जाच्या अटी, परतफेडीचे वेळापत्रक, युरो महागला तर फरक कोण भरणार याचे उत्तर आणि प्रकल्पाला लागणाऱ्या जमिनीचा तपशील मराठीत छापून जतच्या पंचायत समितीत आणि लाभक्षेत्रातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत ठेवावा, आणि पाणीपट्टी ठरवण्याआधी त्यावर ग्रामसभेत चर्चा घ्यावी, अशी मागणी या भागातल्या शेतकरी संघटनांनी, पाणी चळवळीने आणि लोकप्रतिनिधींनी येत्या हंगामापूर्वी करायला हवी.